समासातल्या पेन्सिलीच्या खुणा : नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारी मंडळ, सर्व कर्मचारी आणि वाचक सभासद,
सार्वजनिक वाचनालय, नाशिक.

विषय : एका पुस्तकावरून झालेल्या चित्रपटाबद्दल कृतज्ञता आणि दोन विनंत्या

सप्रेम नमस्कार.

माझा चित्रपट पूर्ण झाला आणि मी त्याची श्रेयनामावली तयार करायला बसलो, तेव्हा आभारांच्या यादीत गावकरी आले, ट्रॅक्टर देणारे शेतकरी आले, चित्रीकरणाच्या दिवसांत दोन्ही वेळचे जेवण रांधणाऱ्या बायका आल्या, बाजार समितीच्या आवारात उभे राहू देणारे आले. पण ज्यांच्यावाचून हा चित्रपट आज जसा आहे तसा झालाच नसता, अशा चार-पाच माणसांची नावे मला लिहिता आली नाहीत, कारण ती मला ठाऊक नाहीत. ही माणसे आपल्या वाचनालयाची सभासद आहेत किंवा कधीकाळी होती. त्यांनी माझ्याआधी एक पुस्तक घरी नेले, वाचले, त्याच्या समासात पेन्सिलीने खुणा केल्या आणि मुदतीत परत आणून दिले. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग मला सापडला नाही, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

ते पुस्तक म्हणजे एक कथासंग्रह. त्याची दुसरी आवृत्ती निघाली नाही आणि दुकानांत तो आता मिळत नाही. त्यातली शेवटची दीर्घकथा निफाड तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्या एका घराची आहे. लेखिकेचे नाव चित्रपटाच्या पहिल्याच पाटीवर, एकटे, मोठ्या अक्षरांत आहे. या पत्रात मात्र मी ते लिहीत नाही. पत्राचा मसुदा त्यांना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "आभार वाचकांचे मानायचे आहेत ना, मग मला मध्ये आणू नका." त्यांचे हे म्हणणे मला पटले.

कथेत घडते फार थोडे. उन्हाळ कांदा काढून चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या बांबूच्या मांडवात, भरलेला आहे, भाव पडलेला आहे, घरातला कर्ता मुलगा म्हणतो विकून मोकळे होऊ, आणि त्याची आई म्हणते थांबू. वैशाखापासून दिवाळीच्या तोंडापर्यंतच्या या थांबण्याची ती कथा आहे. ती बाई रात्री उठून चाळीपाशी जाते, बांबूच्या पट्ट्यांमधल्या फटींना नाक लावते आणि आत कांदा सडायला लागला आहे का ते वासावरून ओळखते. साठ-बासष्ट पानांत ती मोठ्याने जेमतेम वीस वाक्ये बोलते. बाकीचे सगळे तिच्या मनात चालते.

ज्याला या कथेवरून चित्रपट करायचा आहे त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी दोन अडचणी उभ्या राहतात. पडद्याला वास नसतो, आणि पडद्याला मनही नसते. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, हात दिसतात, कंदिलाचा उजेड भिंतीवर कसा हलतो ते दिसते. पण ती बाई आता नवऱ्याच्या आजारपणातले कर्ज आठवते आहे की लेकीच्या सासरी पाठवायच्या दिवाळीचा विचार करते आहे, हे त्याला दिसत नाही. लेखकाला हे अर्ध्या ओळीत सांगता येते. "तीन महिने गेले" असे त्याने लिहिले की वाचकाच्या मनात तीन महिने निघून जातात. आम्हाला मात्र त्या तीन महिन्यांच्या बदल्यात काहीतरी दाखवावे लागते, आणि ते जे काही दाखवू ते कथेत नसते; ते आम्हालाच शोधावे लागते. पुस्तक जसेच्या तसे पडद्यावर आणले असे जेव्हा कौतुकाने म्हटले जाते, तेव्हा म्हणूनच मला ते कधी खरे वाटत नाही. जसेच्या तसे काहीच आणता येत नाही.

मी पहिला खर्डा लिहिला तो एकशे चाळीस पानांचा झाला. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा आमच्याकडे अंदाज धरतात. त्या हिशेबाने चित्रपट सव्वादोन तासांच्या पुढे गेला असता, आणि घटना इतकी थोडी असताना ते प्रेक्षकाला पेलवले नसते. शिवाय त्या खर्ड्यात मी एक सोपी वाट धरली होती. बाईच्या मनातली वाक्ये निवेदनाच्या रूपाने तिच्याच आवाजात ऐकवायची, असे मी ठरवले होते. वाक्ये सुंदर होती आणि एकही सोडवत नव्हते. तो खर्डा घेऊन मी लेखिकेकडे गेलो. त्यांनी चार दिवस ठेवून घेतला आणि परत देताना एवढेच सांगितले, "ही वाक्ये मी लिहिलेली आहेत, मला पाठ आहेत. ती वाचून तुम्हाला काय दिसले, ते यात कुठेच नाही." त्या रागावल्या नव्हत्या. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण खरोखरच मला काही दिसले नव्हते. मी नुसता वाक्यांच्या प्रेमात पडलो होतो.

मग मी कात्री घेऊन बसलो. निवेदन काढून टाकले. प्रसंग काढले, दोन पात्रे काढली, खर्डा नव्वद पानांवर आला. जे कथा पुढे नेत नाही ते ठेवायचे नाही, असा नियम स्वतःला घालून घेतला. हा नियम पटकथा शिकवणारे सगळेच सांगतात आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. याच दिवसांत पुस्तकाची मुदत संपली म्हणून ते बदलून घेण्यासाठी मी वाचनालयात आलो आणि काउंटरवर रांगेत उभा असताना सहज पाने चाळू लागलो. तेव्हा त्या खुणा मी पहिल्यांदा नीट पाहिल्या.

त्या खुणा एकाच माणसाच्या नव्हत्या. कोणीतरी पट्टी लावून सरळ रेघा ओढल्या होत्या. कोणाच्या रेघा हाताने मारलेल्या, वाकड्या होत्या. एकाने समासात फक्त बारीक टिंबे दिली होती, इतकी फिकट की उजेडात पान तिरके धरावे लागले. आणि एका ठिकाणी, शंभराव्या पानाच्या पुढे कुठेतरी, एका वाक्यासमोर समासात एकच शब्द लिहिला होता : आई. त्या वाक्यात ती बाई संध्याकाळी चुलीपुढे बसून चाळीतला खराब झालेला कांदा चिरते, सडलेला अर्धा भाग काढून टाकते आणि उरलेला बरा भाग भाजीत घालते. चांगला कांदा घरात खायचा नाही, तो बाजाराचा. बस्स, एवढेच. कथा तिथे काहीच पुढे जात नाही. पहिल्याच कात्रीत मी ते काढून टाकले होते.

घरी जाऊन मी पुस्तक आणि पटकथा शेजारी शेजारी ठेवून बसलो. वाचकांनी ज्या अकरा वाक्यांवर खुणा केल्या होत्या त्यांतली नऊ माझ्या नव्वद पानांत नव्हती. एकमेकांना न ओळखणाऱ्या, बहुधा वेगवेगळ्या वर्षांत हे पुस्तक घरी नेणाऱ्या या माणसांना कथेत जे ठेवून घ्यावेसे वाटले होते, नेमके तेच मी अनावश्यक म्हणून टाकले होते. पुस्तकात रेघा मारू नयेत हा वाचनालयाचा नियम मला माहीत आहे आणि तो योग्य आहे. तरीही हे सांगितल्यावाचून राहवत नाही, की त्या नऊ रेघांनी माझा चित्रपट वाचवला.

मी सगळी नऊ वाक्ये परत घेतली नाहीत. तसे केले असते तर पुन्हा पहिल्या खर्ड्याचीच चूक झाली असती. पण प्रत्येक खुणेपाशी थांबून मी स्वतःला विचारले, की इथे या माणसाने पेन्सिल का उचलली असेल. चुलीपुढचा प्रसंग परत आला. तो पडद्यावर बावीस सेकंदांचा आहे, त्यात संवाद नाही, सुरी आणि पाटाचा आवाज आहे आणि मागे मुलाचे फोनवरचे बाजारभावाबद्दलचे बोलणे आहे. चित्रपट पूर्ण झाल्यावर एका छोट्या सभागृहात आम्ही तो पहिल्यांदा दाखवला, तेव्हा मी पडद्याकडे न पाहता प्रेक्षकांकडे पाहत होतो. त्या बावीस सेकंदांत खुर्च्यांचा, खोकल्याचा, कशाचाच आवाज नव्हता. माझ्या शेजारच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. समासात तो एक शब्द लिहिणारे कोण, हे मला कधीच कळणार नाही. पण तो बावीस सेकंदांचा तुकडा त्यांचा आहे.

वासाचा प्रश्न अजून सुटायचा होता. तोही इथेच सुटला. वाचनकक्षात सकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणारे निफाडकडचे एक आजोबा आहेत; आता लेकीकडे नाशिकला राहतात. मी पुस्तक उघडून बसलेला पाहून त्यांनी विचारले, आणि कळले की ती कथा त्यांनीही वाचलेली होती. समासातल्या रेघा त्यांच्या आहेत का, असे मी विचारल्यावर ते जरा दुखावूनच म्हणाले, "मी पुस्तकात रेघ मारत नाही." मग मी त्यांना माझी अडचण सांगितली. ते म्हणाले, "लेखिकाबाईंनी वास लिहिलाय तो खराच आहे. पण वास नंतर येतो. आधी कांदा बसतो." मला समजले नाही. त्यांनी समजावून सांगितले. कांदा चाळीत भरला की दिवसागणिक त्यातले पाणी कमी होते, तो आकसतो, वजन घटते, आणि ढीग हळूहळू खाली बसत जातो. आत सड लागली तर एकाचे पाणी शेजारच्याला लागते आणि ढीग जास्त वेगाने, मध्येच खड्डा पडल्यासारखा बसतो. जुनी माणसे भरतानाच बांबूवर कांद्याच्या उंचीची खूण करून ठेवायची आणि येता-जाता नुसत्या नजरेने हिशेब करायची.

कित्येक महिने मी जे शोधत होतो ते हेच होते. चित्रपटात ती बाई चाळ भरण्याच्या दिवशी कोळशाने बांबूवर एक रेघ ओढते. मग पावसाळा सुरू होतो. ती रात्री कंदील घेऊन येते, आणि कांदा रेघेच्या चार बोटे खाली गेलेला आहे. ती दुसरी रेघ ओढते. पुढच्या वेळी तिसरी. तीन रेघांमध्ये तीन महिने गेले, वासाचे कामही झाले, आणि ती मनात कशाचा हिशेब करते आहे ते प्रेक्षकाला न सांगता कळले. आमच्या संकलकाने तो सगळा भाग जेमतेम चाळीस सेकंदांत बसवला. लेखिकेने पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा त्या फार काही बोलल्या नाहीत, पण निघताना म्हणाल्या, "ती कोळशाची रेघ मला सुचायला हवी होती." दिग्दर्शकाला याहून मोठे काय मिळू शकते, मला ठाऊक नाही. आणि ती रेघ माझी नव्हती. ती आपल्या वाचनकक्षातल्या एका वाचकाने दिलेली होती.

हे सगळे झाल्यावर मी जुन्या उदाहरणांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. 'श्यामची आई' साने गुरुजींनी आपल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेला सुरुवात करून १३ तारखेच्या पहाटे संपवली, हे नाशिककरांना शाळेपासून ठाऊक असते. तिच्यावरचा आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला १९५३ साली, आणि राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. गुरुजी तो चित्रपट पाहू शकले नाहीत. ते ११ जून १९५० रोजी गेले होते. म्हणजे लेखकाला दाखवून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून आपले चुकले की बरोबर आले हे ठरवण्याची सोय अत्र्यांना उरलेली नव्हती. ती कसोटी मग कोण लावणार होते? १९३३ ते १९५३ या वीस वर्षांत ते पुस्तक घरोघर वाचले गेले होते, मोठ्याने वाचले गेले होते, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेले होते. त्यातल्या बेचाळीस रात्री माणसांनी आपापल्या आईच्या आवाजात ऐकलेल्या होत्या. पडद्यावर आलेल्या वनमालाबाईंच्या आईला त्या प्रत्येक घरातल्या आईसमोर उभे राहायचे होते. अत्र्यांना नुसते छापील पुस्तक मिळाले नव्हते, वीस वर्षे वाचले गेलेले पुस्तक मिळाले होते, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे असे आता मला वाटते.

तात्यासाहेब शिरवाडकरांचे 'नटसम्राट' हे उदाहरण याहून अवघड आहे. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेले हे नाटक २०१६ मध्ये महेश मांजरेकरांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट होऊन आले, तेव्हा त्यातली स्वगते महाराष्ट्रातल्या असंख्य प्रेक्षकांना तोंडपाठ होती. रंगमंचावर नट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेतो. कॅमेरा मात्र त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो आणि तिथे तेच शब्द त्याच आवाजात बोलले तर ते वाजवीपेक्षा मोठे वाटतात. स्वगत ठेवावे तर नाटक चित्रित केल्यासारखे होते, काढावे तर प्रेक्षक ज्यासाठी आला तेच नाही. यावर एकच बरोबर उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. स्वतः तात्यासाहेबांनी तरुणपणी नाशिकच्या गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना' या चित्रपटासाठी लेखन केले होते आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली होती, हे मात्र मला या संदर्भात नेहमी आठवते. शब्द आणि पडदा यांच्यातली ही ओढाताण त्यांनी दोन्हीकडून अनुभवलेली होती.

अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा बांधली आणि डॉ. जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये चित्रपट केला. एका चित्रपटासाठी दोन पुस्तकांतले किती टाकावे लागले असेल, याची कल्पना मला आता चांगली येते. आणि मुळापर्यंत जायचे तर त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट केला तोही लोकांनी पिढ्यान्पिढ्या ऐकलेल्या हरिश्चंद्राच्या कथेवरून. मुका चित्रपट समजण्यासाठी प्रेक्षकाला कथा आधी माहीत असणे ही केवढी मोठी मदत होती! पुढे ते नाशिकला आले, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी इथेच उभी राहिली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या चित्रपटांना पहिल्या दिवसापासून जे प्रेक्षक लाभले ते ऐकून-वाचून तयार झालेले होते.

आता माझ्या व्यवसायातल्या बांधवांनाही या पत्राच्या निमित्ताने काही सांगायचे आहे, आणि ते आपल्या साक्षीने सांगावेसे वाटते. हा चित्रपट करण्याआधी, काही वर्षांपूर्वी, याच कथेसाठी मी एका निर्मात्याकडे गेलो होतो. त्यांना कथा आवडली. पण लेखिकेशी करार करण्याऐवजी गावाचे नाव बदलू, आईच्या जागी आजी करू आणि शेवटी बारीक अक्षरांत एका कथेवरून प्रेरित असे टाकू, म्हणजे पैशांचा प्रश्नच येणार नाही, असे त्यांनी सुचवले. मी तिथून निघून आलो, पण घरी येईपर्यंत माझ्या मनात दोन-तीनदा तरी हे आले, की असे केले तर चित्रपट लवकर होईल. ते मनात आले याची मला आजही लाज वाटते.

कायदा याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावरचा हक्क टिकतो, आणि त्या लेखनावरून चित्रपट करायचा तर तो हक्क लेखी घ्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच मानला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून लिहिणाऱ्या कितीतरी लेखकांना हे कोणी सांगितलेले नसते आणि ते समोर आलेल्या कागदावर सही करतात. आणखी एक गोष्ट : हक्क विकल्यानंतरही आपले नाव लागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे लेखकाकडेच राहतो. आम्ही चित्रपटवाले या कलमाकडे कटकट म्हणून पाहतो. मी माझ्या लेखिकेला ते वाचून दाखवले आणि पटकथेचा प्रत्येक खर्डा त्यांना वाचायला दिला. त्यांनी एकदाही काही अडवले नाही.

पण कायद्याला एक मर्यादा आहे. साठ वर्षे उलटली की पुस्तक सर्वांचे होते. साने गुरुजींच्या लेखनाबाबत ती मुदत २०१० च्या अखेरीस संपली. त्यानंतर कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. पैशांचे देणे संपते तेव्हा ऋणही संपले असे समजणे मला मान्य नाही. लेखक नसला, वारस नसले, प्रकाशन संस्था बंद पडलेली असली, तरी असे पुस्तक आपल्या हाती येते, याचे कारण कोणीतरी ते विकत घेऊन ठेवलेले असते, त्याला क्रमांक दिलेला असतो, पाने सुटली तेव्हा बांधून घेतलेले असते आणि आपल्याआधी पन्नास जणांनी ते वाचलेले असते. १८४० साली सुरू झालेल्या आपल्या संस्थेने इतक्या पिढ्या हे काम केले आहे. आम्ही चित्रपटवाले या कामाचे फळ घेतो आणि श्रेयनामावलीत हॉटेलचे नाव लिहितो, जनरेटरवाल्याचे लिहितो, वाचनालयाचे नाही. माझ्या चित्रपटात ते आहे. लेखिकेच्या नावानंतरच्या पाटीवर आपल्या वाचनालयाचे नाव आहे आणि त्याखाली एक ओळ आहे : या पुस्तकाच्या अनाम वाचकांना.

आता माझ्या विनंत्या. चित्रपटाच्या पटकथेचे सगळे खर्डे मी वाचनालयाला देऊ इच्छितो. पहिला एकशे चाळीस पानांचा, ज्यात माझी चूक पूर्णपणे दिसते. दुसरा नव्वद पानांचा, ज्यात दुसरी चूक दिसते. आणि शेवटचा, ज्यावर लेखिकेच्या हातच्या सूचना आहेत आणि ज्या देण्यास त्यांनी लेखी संमती दिली आहे. कृपा करून हे कागद संदर्भ विभागात बंद करून ठेवू नयेत. ते त्या कथासंग्रहाच्या शेजारी, त्याच फळीवर ठेवावेत, म्हणजे पुस्तक नेणाऱ्याला पटकथा दिसेल आणि पटकथा चाळणाऱ्याला पुस्तक. मराठी पुस्तकांवरून झालेल्या ज्या ज्या चित्रपटांच्या पटकथा छापलेल्या आहेत किंवा ज्यांचे दिग्दर्शक अशा प्रती द्यायला तयार होतील, त्यांच्यासाठीही अशीच जागा मिळावी. माझ्या ओळखीच्या दिग्दर्शकांना मी स्वतः पत्रे लिहीन आणि जे देतील त्यांच्या प्रती आणून पोहोचवीन. या शहरातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला उद्या पुस्तकावरून चित्रपट करावासा वाटेल, त्यांना मुंबईला न जाता हे पाहता यावे, की एका वाक्याचे दृश्य होताना मध्ये काय काय घडते आणि किती वेळा चुकते. मला हे कोणी दाखवले नव्हते, आणि त्यात माझी दोन वर्षे गेली.

शक्य असल्यास परशुराम सायखेडकर नाट्यगृहात किंवा आपल्याला सोयीच्या कोणत्याही जागेत चित्रपट एकदा सभासदांना दाखवण्याची परवानगी मिळावी, तिकीट न लावता. त्याआधी पंधरा दिवस ती कथा जितक्यांना वाचता येईल तितक्यांनी वाचावी, आणि नंतर बोलावे. काय राहून गेले, काय बिघडले हेच प्रामुख्याने ऐकायचे आहे. आजोबांना मी आणायला जाणार आहे. त्यांनी चित्रपट अजून पाहिलेला नाही, कारण ते म्हणतात की चित्रपटगृहातला आवाज त्यांना सोसत नाही. त्या दिवशी आवाज कमी ठेवू.

दुसरी विनंती त्या पुस्तकाच्या प्रतीबद्दल आहे. मी ती गेल्या आठवड्यात परत केली आहे. तिची शिवण सैल झाली आहे, मधली एक घडी सुटू लागली आहे आणि ती लवकरच बांधणीसाठी जाईल. बांधणी करताना कडा सारख्या करण्यासाठी पाने कापतात, हे मला माहीत आहे. या प्रतीच्या कडा कृपया कापू नयेत, किंवा कापाव्याच लागल्या तर अगदी दोऱ्याएवढ्या कापाव्यात. बाहेरचा समास आधीच अरुंद आहे, आणि तो एक शब्द पानाच्या कडेला फार जवळ लिहिलेला आहे.

आपला,
एक सभासद
नाशिक